हळद लाल का झाली?

महिन्यातून एकदा मी कळंबोलीहून पनवेल तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर लहान मुलांना शिकवायला जाते. सुरुवातीला विकतची रंगीत खेळणी नेत असे. मुलं लांबूनच बघत राहायची. चार वर्षांची एक मुलगी तर कित्येक महिने माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

तेव्हा मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला वारली मुलांमध्ये नेलं. मुलं शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात भरवली. शिंपले, बिया, पानं, खडे हीच त्यांची साधनं होती.

मीही ठरवलं, घरोघरी असतं तेवढंच न्यायचं. आधी माझ्या स्वयंपाकघरात नातवाबरोबर करून पाहिलं. तुम्हीही तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर करा. प्रत्येक वेळी आधी एकच प्रश्न विचारा: "काय होईल?"

१. हळदीचा कागद: चमचाभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर लावा आणि वाळू द्या. कपड्याच्या साबणाच्या पाण्यात बोट बुडवून मुलाला रेघ ओढू द्या. रेघ लालसर उमटते. तिच्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी होते. हळदीचा रंग साबणाच्या क्षाराने बदलतो आणि आंबटाने परत येतो. चुना मात्र वापरू नका, डोळ्यांत गेला तर इजा होते.

२. तरंगतं अंडं: ताजं अंडं पेलाभर पाण्यात बुडतं. ते काढून पाण्यात पाच-सहा चमचे मीठ विरघळवा आणि पुन्हा सोडा. आता तरंगतं, कारण मिठाचं पाणी अंड्यापेक्षा जड झालेलं असतं. नंतर हात धुवा.

३. फसफसणारी बशी: खायच्या सोड्यावर लिंबाचे थेंब टाका. बुडबुडे कार्बन डायऑक्साइड वायूचे असतात. ढोकळा फुगतो तोही याच वायूने.

मुलाचं उत्तर चुकलं तरी लगेच सुधारू नका. हे मी वाडीवर शिकले. कागदावर लाल रेघ उमटली तशी ती अबोल मुलगी पुढे सरकली आणि म्हणाली, "हळदीला रगत आलं!" "नाही गं, ते साबणामुळे," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. तिने स्वतःच लिंबाची फोड उचलली, रेघेवर पिळली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बरी झाली."

वाडीसाठी काय पाठवू, असं पुष्कळजण विचारतात. या वेळी एवढंच करा: घरातल्या मुलाबरोबर एक प्रयोग करा आणि तो काय म्हणाला ते लिहून पाठवा. पुढच्या खेपेला मी ते वाडीवरच्या मुलांना वाचून दाखवीन.