माठातलं पाणी गार का? आणि त्याचा आपल्या घामाशी काय संबंध?



उन्हाळ्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. भर दुपार, पत्र्याची खोली. एका ताईंनी माठातलं पाणी दिलं आणि विचारलं, "मॅडम, फ्रीज नाही, लाईट नाही, तरी माठनं पानी थंडं का व्हस?" याचं उत्तर मी शाळेत पाठ केलं होतं. पण समजावून सांगताना वाटलं, हे तर आपल्या जिवाशी जोडलेलं आहे. म्हणून या अंकातला धडा माठाचा.

आधी एक छोटा प्रयोग करा. एका हाताच्या पाठीवर पाणी लावा, दुसरा हात कोरडा ठेवा. दोन्हींवर फुंकर मारा. ओला हात जास्त गार लागेल. फुंकर तर दोन्हीकडे सारखीच होती. म्हणजे जास्तीचा गारवा आला तो पाणी वाळण्यातून.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. चुलीवर ती सरपणातून मिळते. चूल नसेल तर पाणी जिथे असतं तिथलीच उष्णता घेऊन उडून जातं. याला शाळेच्या पुस्तकात बाष्पीभवन म्हणतात. माठाला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी पाझरतं, बाहेर वाळतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता नेतं. स्टीलच्या हंड्याला छिद्रं नाहीत, म्हणून त्यातलं पाणी तसं गार होत नाही. माठाला ऑइलपेंट लावला तरी छिद्रं बुजतात. नवीन माठ घेताना हे बघा.

आता आपलं शरीर बघू. अंगाचं तापमान साधारण 37 अंश असतं. मे महिन्यात आपल्या जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. म्हणजे हवाच अंगापेक्षा गरम! अशा वेळी शरीराकडे थंड व्हायचा एकच मोठा उपाय उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. एक लिटर घाम अंगावर वाळताना जेवढी उष्णता नेतो, तेवढ्या उष्णतेत 30 अंशांचं जवळपास आठ लिटर पाणी उकळीला येईल. आपलं अंग म्हणजे चालता-बोलता माठच आहे.

पण माठात पाणीच नसेल तर?

कांदा काढणीच्या दिवसांत एक ताई दुपारी बांधावर चक्कर येऊन पडली. सकाळपासून ती फक्त एक तांब्या पाणी प्यायली होती. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "पाणी जवळ होतं ना?" ती हळूच म्हणाली, "होतं, पण लघवीला जायला आडोसा कुठे आहे?" ताईंनो, हे उत्तर आपल्यापैकी कितीजणींचं आहे? तहान मारून काम करण्यात कसलं आलंय शहाणपण? घामाला लागणारं पाणी शरीर कुठून आणणार?

म्हणून हे लक्षात ठेवा :

• तहान लागायची वाट न बघता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्या.
• खूप घाम गेला, थकवा आला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडं थोडं प्या. मधुमेह किंवा बीपी असेल तर आशाताईंना आधी विचारून ठेवा.
• सुती, सैल कपडा घाला. त्यातून घाम वाळतो. डोक्याला ओला रुमाल बांधा.
• खूप गरम हवेत कोरड्या अंगावर पंखा लावला तर तो गरम हवाच अंगावर घालतो. आधी अंग ओलं करा.
• कूलर लावताना खिडकी थोडी उघडी ठेवा. दमट हवेत पाणी वाळत नाही. जूनमध्ये पावसाआधी जीव कासावीस होतो तो यामुळेच.

कुणी बरळायला लागलं, अंग खूप तापलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी थांबू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करा. पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या सावलीत, वाऱ्यावर ठेवा. एकीला ओलं फडकं गुंडाळा आणि ते ओलं ठेवा. तासाभराने दोन्हींतलं पाणी पिऊन बघा. मुलींनाही दाखवा, त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हेच आहे. दुसरं म्हणजे कामाला जाणाऱ्या सगळ्याजणी मिळून शेतमालकाला सांगा : सावलीत पाण्याचा माठ पाहिजे आणि चार बांबूंना जुन्या साड्या बांधून एक आडोसा पाहिजे. एकटीला सांगायला लाज वाटते, दहाजणींना वाटत नाही. गट आपण त्यासाठीच तर केलाय!

तुमची,
क्षेत्र समन्वयक