नवलेखन आणि जिज्ञासा : चाकणचे संताजी जगनाडे यांच्या निमित्ताने

प्राथमिक शाळेच्या चौथ्या-पाचव्या इयत्तेत निबंधलेखनास खरा प्रारंभ होतो आणि बहुधा तेथेच त्यास पहिली खीळ बसते. ‘पावसाळा’ हा विषय दिला म्हणजे वर्गातील चाळीस वह्यांत धरित्री चाळीस वेळा हिरवा शालू नेसते. त्यांतील एखाद्या मुलाच्या घरामागे नव्या कारखान्याची कुंपणभिंत उभी राहिल्यामुळे ओढ्याचे पाणी यंदा प्रथमच अंगणात शिरलेले असते. परंतु ते पाणी वहीत येत नाही. मुलास लिहिता येत नाही, असा निष्कर्ष शिक्षक काढतात. वस्तुतः पाणी इकडे का वळले हा प्रश्न विचारण्याची संधीच त्यास मिळालेली नसते. जेथे प्रश्न नाही तेथे पाठ केलेली वाक्ये येणारच.

नव्याने लिहू लागणाऱ्याची घडण जिज्ञासेमुळे कशी होते, याचे एक उत्तम उदाहरण या भागातील शिक्षकांच्या अगदी दाराशी आहे. सतराव्या शतकात चाकण येथे संताजी जगनाडे हे तेल्याचा व्यवसाय करीत. घाणा चालवावा, तेल विकावे, व्यवहारापुरता हिशेब लिहावा, असे त्यांचे जीवन. परंपरा असे सांगते की, देहूचे तुकाराम महाराज कीर्तनासाठी चाकणास आले असता संताजींनी ते ऐकले आणि पुढे ते त्यांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक झाले. गंगाराम मवाळ यांच्याप्रमाणे त्यांनीही तुकोबांचे अभंग लिहून ठेवण्याचे काम पत्करले. मावळातील सुदुंबरे येथे त्यांची समाधी आहे. २००९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

संताजींच्या चरित्रातील भक्तीचा भाग सर्वश्रुत आहे. शिक्षकांनी लक्ष द्यावे असा भाग मात्र निराळा आहे. हिशेबाची वही लिहिणारा हात अभंग लिहू लागला, ही गोष्ट साधी नाही. कीर्तनात उच्चारलेला शब्द ऐकताक्षणी हवेत विरून जातो. तो टिपावयाचा तर ऐकणाऱ्याच्या मनात सतत प्रश्न जागा असावा लागतो : नेमका कोणता शब्द आला? आधी काय होते, नंतर काय आले? हाच शब्द का आणि दुसरा का नाही? नकलनवीस पुढील कागद पाहून लिहितो. ऐकून लिहिणाऱ्यास मात्र प्रत्येक ओळीला स्वतःशी विचारणा करावी लागते. लेखनाची याहून कसदार उमेदवारी क्वचितच असेल. स्वतः तुकोबांनीही आधीच्या संतांची वचने आदराने पाठ केली होती, हे त्यांच्याच सांगण्यावरून ज्ञात आहे.

पुढे संताजींच्या नावावर स्वतंत्र अभंगही आढळतात, आणि त्यांत घाण्याचे अभंग प्रसिद्ध आहेत. येथे थोडे थांबून विचार करावा. अभंग ऐकण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने तुकोबांचीच भाषा उसनी घेतली असती तर त्यात नवल नव्हते. परंतु स्वतःचे बोलण्याची वेळ आली तेव्हा घरातील घाणा पुढे आला. रोज पाहिलेल्या वस्तूचे रूपक व्हावयाचे असेल तर ती वस्तू केवळ परिचयाची असून भागत नाही. ती परकी असल्याप्रमाणे पुन्हा एकदा पाहावी लागते. लाकडी उखळात तिरपी उभी असलेली लाट फिरते, पण तिच्यावर भार कशाचा? तीळ वा करडई कोरडी न चिरडता मध्येच थोडे पाणी का शिंपडावयाचे? बैलाच्या डोळ्यांना झापडे कशासाठी, आणि दिवसभर चालून तो कोठे पोहोचतो? तेल निघाल्यावर पेंड उरते. तिचे पुढे काय? घाणा ज्याच्या घरी आहे त्याला हे प्रश्न सहसा पडत नाहीत, कारण उत्तरे हातांना ठाऊक असतात. ज्याला लिहावयाचे आहे त्याला मात्र ते पडावे लागतात. वस्तू तीच राहते. तिच्याकडे पाहणारी दृष्टी प्रश्नामुळे पालटते आणि शब्द त्या दृष्टीमागून येतात.

संताजींच्या वह्यांची पुढील हकीकतही उद्बोधक आहे. मराठी वाङ्मयाचे इतिहासकार विनायक लक्ष्मण भावे यांनी त्यांच्या आधारे तुकोबांच्या अभंगांचा गाथा १९१९-२० च्या सुमारास प्रसिद्ध केला आणि त्यास ‘अस्सल’ असे विशेषण लावले. त्यांचे मत सर्वच अभ्यासकांनी स्वीकारले असे नाही. तथापि विद्वानांच्या हातांनी सुधारलेल्या पाठापेक्षा एका तेल्याच्या हातची वही मूळ बोलण्याच्या अधिक जवळची असू शकते, ही कल्पनाच लाल शाईची दौत जवळ बाळगणाऱ्या शिक्षकास अंतर्मुख करणारी आहे.

हा प्रकार केवळ संतवाङ्मयापुरता आहे असे समजू नये. व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म १९२७ साली माडगूळ येथे झाला. त्यांना चित्रकलेची ओढ होती, आणि चित्र काढणाऱ्यास माणूस उभा कसा राहतो, मान कशी वळवितो, हे पाहावेच लागते. ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले तेव्हा लेखक विशीतच होता. १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’त तर एक तरुण शिक्षकच धनगरांच्या वस्तीवर जातो. तेथे शाळा आहे, पण मुले येत नाहीत. वाडी अडाणी आहे असा शेरा मारून तो मोकळा होत नाही. ही माणसे कशी जगतात, मेंढरांमागे का जातात, हे तो समजून घेत जातो, आणि त्या समजून घेण्यातूनच कादंबरी उभी राहते. प्राथमिक शिक्षकांच्या ग्रंथालयात हे पुस्तक असेलच; ते या दृष्टीने पुन्हा वाचावे.

आता चाकणचे आजचे चित्र पाहावे. जुना घाणा तेथील बहुतेक घरांतून गेला. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. कारखान्यांची रांग भोसरी, आकुर्डी, चिंचवड अशी वाढत चाकणपर्यंत पोहोचली. कांद्या-बटाट्याचा बाजार मात्र टिकून आहे. त्यामुळे या पट्ट्यातील एकाच वर्गात जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा, बाजारातील हमालाची मुलगी आणि मराठवाड्यातून किंवा परप्रांतातून कामासाठी आलेल्या कामगारांची मुले शेजारी-शेजारी बसतात. विषयांची एवढी समृद्धी फार थोड्या शाळांच्या वाट्याला येत असेल. आणि तरीही या वर्गात निबंधासाठी विषय निघतो तो ‘आमची सहल’ हाच!

समजा, एका मुलीने लिहिले : ‘माझे बाबा कंपनीत जातात. तेथे गाडीचे भाग तयार होतात. मला बाबा आवडतात.’ ही तीन वाक्ये शुद्ध आहेत, आणि बहुतेक शिक्षक त्यांखाली ‘छान’ असे लिहून वही परत करतील. त्याऐवजी समासात एक-दोन प्रश्न लिहावेत. कोणता भाग? तो गाडीत कोठे बसतो? बाबांनी रस्त्यावरची गाडी पाहून ‘यात मी केलेला भाग आहे’ असे कधी म्हटले आहे काय? रात्रपाळी असेल तेव्हा घर दिवसा कसे वागते? मुलगी हे प्रश्न घरी नेते. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत ‘डाय’, ‘जॉब’, ‘सेकंड शिफ्ट’ असे शब्द येतील. ते खोडू नयेत. संताजींच्या पिढीला लाट आणि पेंड हे शब्द जसे कामातून मिळाले तसेच हेही मिळालेले आहेत. त्यांचा अर्थ वर्गाला समजेल अशा रीतीने सांगण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर टाकावी. कारण ‘जॉब’ म्हणजे नोकरी नव्हे, यंत्रावर चढविलेली वस्तू, हे समजावून सांगताना तिला ती वस्तू पुन्हा पाहावी लागते. दिवसा झोपलेल्या बाबांसाठी घरातील सर्वजण हळू आवाजात बोलतात, एवढे एक वाक्य जरी तिने स्वतः होऊन लिहिले तरी ‘मला बाबा आवडतात’ हे वाक्य तिला पुन्हा लिहावे लागणार नाही.

बाजारासंबंधी हेच करता येईल. आडत, तोलाई, हमाली हे शब्द मुले रोज ऐकतात. गोणी पाठीवर घेताना हमाल आधी कोणता पाय पुढे टाकतो, कांदाचाळीत वारा खेळता का ठेवतात, हे विचारून आलेला मुलगा पानभर लिहितो, असा अनुभव शिक्षकांनी घेऊन पाहावा. वर्गातील बोलीभेदही जिज्ञासेचा विषय होऊ शकतो. एका मुलाच्या घरी ज्याला भाजी म्हणतात त्याला दुसऱ्याच्या घरी माळवं म्हणतात. यातील अशुद्ध कोणते हा प्रश्न निरर्थक होय. कोण कोठून आले हा प्रश्न मात्र फलदायी आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जिज्ञासा निराळी आणि चोंबडेपणा निराळा. वस्तू कशी चालते, काम कसे करतात, शब्द कोठून आला, हे विचारण्यास मुलांस उत्तेजन द्यावे. कोणाचा पगार किती, कोणाला कामावरून का काढले, घरात भांडण कशावरून झाले, हे विचारावयाचे नाही व लिहावयाचेही नाही. हा फरक मुलांना व्याख्येने कळत नाही. दोन-चार प्रश्न फळ्यावर लिहून ‘यांपैकी कोणता प्रश्न शेजारच्या काकांना त्यांच्या तोंडावर विचारता येईल?’ असे पुसले की लागलीच कळतो. तसेच कारखान्याच्या आवारात किंवा महामार्गालगत मुलांना एकटे पाठवू नये. घरातील माणसे, गावातील दुकाने आणि बाजाराचा दिवस एवढे क्षेत्र पुरेसे आहे. अलीकडे विजेवर चालणारे लाकडी घाणे काही ठिकाणी पुन्हा दिसू लागले आहेत. जवळपास असा घाणा असेल तर मालकाची परवानगी घेऊन वर्ग तेथे अर्धा तास न्यावा. बैल नाही, झापडे नाहीत. मग आता काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे मुले आपण होऊन विचारतील.

तपासणीचा क्रमही थोडा बदलावा लागेल. पहिल्या लेखनावर शुद्धलेखनाची खूण करू नये. केवळ प्रश्न लिहावेत आणि तेही दोनांहून अधिक नकोत. दुसरे लेखन झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, वाक्यरचना हे सर्व काटेकोरपणे पाहावे. त्यात ढिलाई उपयोगाची नाही. पट मोठा असेल तेथे आठवड्यास आठ-दहा वह्यांपुरताच हा प्रयोग करावा. परीक्षेतील निबंधाचे काय, अशी शंका काही शिक्षक घेतील. ती रास्त आहे. वर्षभर आठवडी एक तास या पद्धतीस दिला तर परीक्षेची तयारी करण्यास उरलेले तास शिल्लक राहतातच.

वर्गास काम देण्यापूर्वी शिक्षकांनी स्वतः दहा ओळी लिहाव्यात. विषय आपल्या शाळेच्या गावातील एखादी वस्तू वा काम असावे, जे रोज दिसते पण कसे चालते ते आपणांस नीट ठाऊक नाही : पाणीपुरवठ्याचा पंप, कुंभाराची भट्टी, गावाबाहेरील वजनकाटा, काहीही. ज्याला ते ठाऊक आहे त्याच्याकडे जाऊन विचारावे, आणि जे विचारूनही समजले नाही ते वाक्य ‘हे मला अजून कळलेले नाही’ असेच ठेवून सर्व दहा ओळी वर्गात मोठ्याने वाचून दाखवाव्यात. त्यानंतर वह्या उघडावयास सांगावे.