सावलीवरून दिशा

सकाळी खिडकीच्या जाळीतून ऊन आत येते आणि जमिनीवर जाळीची सावली उमटते. सूर्य वर चढू लागला, की ती सावलीही सरकू लागते. सूर्याकडे मुळीच न पाहता, केवळ सावलीवरून तो आकाशात कोठे आहे, हे आपणांस सांगता येते. मुलांनो, या साध्या गोष्टीचाच आधार घेऊन शास्त्रज्ञांनी आकाशातील एका मोठ्या कोड्याचा माग काढला.

सन १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत संघ यांनी वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुस्फोट न करण्याचा करार केला. तो पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘व्हेला’ नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोटातून निघणारे गॅमा किरण टिपणे, हे त्यांचे एक काम होते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. २ जुलै १९६७ रोजी या उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक झोत नोंदविला. परंतु तो अणुस्फोटासारखा नव्हता!

पुढे असे आणखी झोत आढळले. एकच झोत निरनिराळ्या उपग्रहांवर किंचित पुढेमागे पोहोचे. गॅमा किरण प्रकाशाप्रमाणेच सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. म्हणून वेळेतील या फरकावरून दिशेचा अंदाज बांधता आला. ते झोत पृथ्वीवरून येत नव्हते आणि सूर्यावरूनही येत नव्हते. सन १९७३ मध्ये ही वार्ता जगास कळली. मग ते येत तरी कोठून होते?

हे शोधणे सोपे नव्हते. वातावरण गॅमा किरण शोषून घेते. तेव्हा उपकरण अवकाशातच न्यावे लागे. दुर्बिणीचे भिंग किंवा आरसा प्रकाश एका ठिकाणी गोळा करतो. पण गॅमा किरणांपुढे त्यांची मात्रा चालत नाही. शिवाय पुष्कळसे झोत काही सेकंदांतच विझून जात. दार उघडावे, तो पाहुणा निघून गेलेला!

तेव्हा शास्त्रज्ञांनी जाळीची युक्ती योजिली. किरण अडविणारा एक छिद्रयुक्त पडदा घ्यावयाचा आणि त्याच्याखाली किरण टिपणारे संवेदक मांडावयाचे. झोत आला, की पडद्याची सावली संवेदकांवर पडते. सावली किती व कोणीकडे सरकली, यावरून दिशा कळते. मात्र ही छिद्रे मुद्दाम अनियमित ठेवितात. ती एकसारखी असती, तर सावली एका घराने सरकली काय किंवा दोन घरांनी सरकली काय, सारखीच दिसली असती.

बेप्पोसॅक्स या उपग्रहावर असे पडदे होते. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याने एका झोताची जागा निश्चित केली आणि तेथे मागे उरलेली मंद प्रभा पाहिली. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या एका झोताचे अंतर मोजता आले. ते कित्येक अब्ज प्रकाशवर्षे भरले! यांपैकी बरेच झोत महाकाय तारे कोसळताना निघतात, हे पुढे उमगले.

सन २००४ मध्ये अमेरिकेने ‘स्विफ्ट’ हा उपग्रह सोडला. स्विफ्ट म्हणजे पाकोळी. भरारी घेता घेता चटकन वळणारा पक्षी. याच्या पडद्यात शिशाचे सुमारे ५० हजार छोटे चौकोनी तुकडे आणि त्याखाली ३२,७६८ संवेदक बसविले होते. सावलीचे गणित यंत्रच करी आणि सुमारे दीड मिनिटाच्या आत उपग्रह आपल्या दुर्बिणी त्या दिशेस वळवी.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी भारतानेही ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ अवकाशात धाडला. त्यावरील एका उपकरणास टँटॅलम धातूचा असाच पडदा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ते घडविण्यात प्रमुख वाटा होता.

जे धरता येत नाही, त्याची निदान सावली तरी नीट पाहावी. उद्या सकाळी खिडकीपाशी बसून तुम्हीही हे करून पाहा.

स्वाध्याय

१. व्हेला उपग्रह कशासाठी सोडले होते?
२. पडद्याची छिद्रे अनियमित का ठेवितात?
३. खिडकीच्या जाळीची सावली तासातासाने जमिनीवर खडूने आखा आणि सूर्य कोणीकडे सरकला, ते लिहा.