जुनी मोटार आणि धुराची परीक्षा

पेट्रोल पंपाच्या आवारात ‘पी.यू.सी.’ अशी पाटी लावलेली छोटी टपरी किंवा व्हॅन तुम्ही पाहिली असेल. तेथे मोटारीच्या धुराड्यात एक नळी घालतात, यंत्रावर काही आकडे उमटतात आणि प्रमाणपत्र हाती पडते. गाडी नवी असेल तर सारे दोन मिनिटांत आटोपते. पण पंचवीस-तीस वर्षांची, कार्ब्युरेटरवर चालणारी मोटार असली की पुष्कळदा आकडे मर्यादेच्या पलीकडे जातात. मग मालकाला प्रश्न पडतो : इंजिन उघडून हजारो रुपये घालावे, की गाडी मोडीत काढावी? बहुतेक वेळा या दोहोंचीही गरज नसते. नववी-दहावीचे रसायन आणि थोडे भौतिकशास्त्र ध्यानात ठेवले तर थोडक्या खर्चात ही परीक्षा प्रामाणिकपणे पार पडते. ते कसे, हे आपण पाहू या.

ज्वलनाचा हिशेब

प्रयोगशाळेतल्या बुन्सेन ज्वालकाचे हवेचे छिद्र बंद केले की ज्योत पिवळी होते आणि तिच्यावर धरलेली बशी काळी पडते. छिद्र उघडले की ज्योत निळी होते. इंधन तेच, फरक फक्त हवेचा. मोटारीच्या सिलिंडरमध्ये याहून निराळे काही घडत नाही.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. सोयीसाठी ऑक्टेन घेऊ. ऑक्टेनचे २ रेणू पुरते जळण्यासाठी ऑक्सिजनचे २५ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे १६ आणि पाण्याचे १८ रेणू बनतात. वजनात मांडले तर २२८ ग्रॅम ऑक्टेनला ८०० ग्रॅम ऑक्सिजन हवा. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे हवा लागली साधारण ३४८० ग्रॅम, ऑक्टेनच्या सुमारे १५ पट. प्रत्यक्ष पेट्रोलसाठी हे गुणोत्तर १४.७ धरतात. एक लिटर पेट्रोल जाळायला अशा रीतीने जवळजवळ ११ किलोग्रॅम हवा लागते. ही हवा किती? दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच अशी खोलीभर!

हवा यापेक्षा कमी पडली, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण ‘रिच’ झाले, की कार्बनचा काही भाग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड बनतो. उलट हवा फार जास्त झाली, किंवा ठिणगी नीट पडली नाही, तर मिश्रण पेटतच नाही आणि पेट्रोलची वाफ तशीच बाहेर पडते. धुरातले ‘हायड्रोकार्बन’ म्हणतात ते मुख्यतः हेच.

यंत्र नेमके काय मोजते?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११५ व्या नियमानुसार ही तपासणी होते. पेट्रोल गाडीचे इंजिन पायडलवर पाय न ठेवता, जागच्या जागी मंद गतीने चालू ठेवतात. भारत टप्पा-२ च्या आधीच्या मानकांप्रमाणे बनलेल्या चारचाकी गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपेक्षा आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत १५०० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. टप्पा-२ आणि टप्पा-३ च्या गाड्यांना हेच आकडे ०.५ टक्के आणि ७५० असे आहेत. टप्पा-४ पासून मर्यादा याहूनही कडक झाल्या. म्हणून आपली गाडी कोणत्या टप्प्यातली, हे आधी पाहावे.

यंत्रातली युक्ती भौतिकशास्त्राची आहे. धुराचा नमुना एका नळीत घेऊन तीतून अवरक्त किरण सोडतात. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूची दोन टोके भिन्न अणूंची. तो कंप पावू लागला की त्यातील विद्युतभाराची मांडणी बदलते आणि सुमारे ४.७ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण तो शोषून घेतो. कार्बन डायऑक्साइड सुमारे ४.३ आणि हायड्रोकार्बन सुमारे ३.४ मायक्रोमीटरचे किरण शोषतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेणूंची दोन्ही टोके सारखी असल्याने ते या किरणांना आडकाठी करीत नाहीत. म्हणून धुरात नायट्रोजन सर्वांत जास्त असूनही त्याचा अडथळा होत नाही. त्या त्या तरंगलांबीचे किरण किती घटले यावरून त्या वायूचे प्रमाण कळते.

आकड्यांवरून निदान

डॉक्टर ताप पाहून औषध ठरवतात, तसे आकडे पाहून दुरुस्ती ठरवावी. उदाहरणादाखल तीन गाड्या घेऊ.

पहिल्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड ५ टक्के, पण हायड्रोकार्बन ७०० आहेत. ठिणगी ठीक आहे, हवा कमी पडते आहे. चोक अर्धवट अडकलेला, एअर फिल्टर धुळीने बुजलेला किंवा मिश्रणाचा स्क्रू चुकीचा लावलेला असणार.

दुसऱ्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड केवळ ०.८ टक्का, पण हायड्रोकार्बन २६०० आहेत. येथे मिश्रण पेटायचे चुकते आहे. प्लग, प्लगच्या तारा किंवा पॉइंट खराब असतील, अथवा फाटलेल्या रबरी नळीतून जादा हवा आत शिरत असेल.

तिसऱ्या गाडीत दोन्ही आकडे मोठे आहेत. वरील दोन्ही दोष एकत्र असू शकतात. धुराड्यातून निळसर धूर येत असेल तर मात्र सिलिंडरमध्ये ऑईल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर ते काम खर्चाचे असते. पण त्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा.

स्वस्त उपाय आधी

उपाय नेहमी कमी खर्चाकडून जास्त खर्चाकडे करीत जावे आणि प्रत्येक उपायानंतर काय बदलले ते पाहावे. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर गुण कशाने आला, हे कळत नाही.

पहिला उपाय फुकटचा : इंजिन तापवून न्या. थंड सिलिंडरात पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि भिंतींजवळची ज्योत विझते. तपासणीपूर्वी पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवावी, चोक पूर्ण आत आहे ना ते पाहावे, आणि रांगेत इंजिन थंड होऊ देऊ नये. उत्प्रेरक परिवर्तक असलेल्या गाडीत हे फारच महत्त्वाचे. कारण तो साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोचल्याशिवाय नीट काम करीत नाही. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो १९९५ पासून आवश्यक झाला.

दुसरा उपाय एअर फिल्टर आणि ऑईल बदलण्याचा. जुन्या ऑईलमध्ये न जळलेले पेट्रोल मिसळलेले असते. तापल्यावर त्याची वाफ नळीवाटे पुन्हा इंजिनात ओढली जाते आणि मिश्रण रिच होते.

तिसरा उपाय ठिणगीचा. प्लग काढून पाहावा. कोरडी काजळी असेल तर मिश्रण रिच आहे. ओला व तेलकट असेल तर ऑईल येते आहे. फिकट तपकिरी रंग हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण. प्लगमधील फट आणि पॉइंट गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे लावून घ्यावेत.

चौथा उपाय कार्ब्युरेटर साफ करून मिश्रणाचा स्क्रू जुळवण्याचा. अनुभवी मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून स्क्रू लावतात. इंजिन जेथे सर्वांत जोरात फिरते तेथे थांबतात. पण इंजिनाचा जोर सर्वांत जास्त असतो तो किंचित रिच मिश्रणावर! म्हणून कानाने लावलेली गाडी उत्तम चालूनही परीक्षेत नापास होऊ शकते. त्या जागेवरून स्क्रू थोडा ‘लीन’ बाजूला, इंजिनाचे फेरे जेमतेम कमी होईपर्यंत फिरवावा. धूरमापक लावूनच हे काम केले तर उत्तम. एवढ्या चार उपायांवर पुष्कळ गाड्या उत्तीर्ण होतात.

छिद्राने फसवता येते का?

सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा आत मिसळते आणि आकडे लहान दिसतात. पण कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड या दोहोंची बेरीज केली की हे उघडे पडते. धड धुराड्यात ही बेरीज साधारण १५ टक्के भरते. समजा, यंत्रावर अनुक्रमे २ आणि ६ टक्के दिसले, बेरीज ८. मग खरे प्रमाण २ गुणिले १५ भागिले ८, म्हणजे ३.७५ टक्के. गाडी नापासच! फुटका सायलेन्सर तपासणीपूर्वी जोडून घ्यावा हेच बरे. कारण तोच धूर तळातून गाडीत शिरू शकतो.

हे महत्त्वाचे का?

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जखडतो. हवेत तो १ टक्का असला तरी माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. आणि बिघडलेल्या इंजिनाच्या धुरात तर तो ५-६ टक्के असतो. म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये, आणि या गाडीचे ट्यूनिंग उघड्यावरच करावे. चौकात सिग्नलपाशी उभा असलेला पोलीस आणि शाळेतून पायी जाणारी मुले हाच धूर पातळ स्वरूपात दिवसभर घेतात.

शिवाय हा पैशांचाही प्रश्न आहे. ऑक्टेनमधील प्रत्येक कार्बन अणूमागे पूर्ण ज्वलनातून १ मोलला सुमारे ६८४ किलोजूल उष्णता मिळते. तो कार्बन मोनॉक्साइड होऊन निसटला तर त्यांपैकी २८३ किलोजूल वाया जातात. धुरात ६ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १० टक्के कार्बन डायऑक्साइड असेल, तर सोळापैकी सहा अणू असे निसटतात. हिशेब केला तर पेट्रोलच्या उष्णतेपैकी सुमारे १५ टक्के धुराड्यातून जाते. तेच आकडे १ आणि १४ झाले तर तोटा ३ टक्क्यांच्या आत येतो. ट्यूनिंगचा खर्च पेट्रोलमध्ये भरून निघतो तो असा.

मात्र या परीक्षेची मर्यादाही ओळखावी. मंद गतीच्या या तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. ती भारावर धावणाऱ्या तप्त इंजिनात जास्त बनतात. तेव्हा उत्तीर्ण गाडी म्हणजे निर्दोष गाडी नव्हे. तसेच परीक्षेपुरता स्क्रू फिरवून घरी आल्यावर पूर्ववत करणारा मालक प्रमाणपत्र मिळवतो. पेट्रोल आणि शेजाऱ्याचे आरोग्य मात्र गमावतो.

उजळणीसाठी

१. प्रोपेनच्या एका रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. एक किलोग्रॅम प्रोपेन पूर्ण जळण्यासाठी किती हवा लागेल?

२. धुरात कार्बन मोनॉक्साइड १.५ आणि कार्बन डायऑक्साइड ७.५ टक्के दिसले. सायलेन्सर फुटका आहे का? खरे प्रमाण किती? जुन्या मर्यादेनुसार गाडी उत्तीर्ण होईल का?

३. घरच्या गॅसच्या शेगडीची ज्योत पिवळी दिसते आणि भांडी काळी पडतात. मोटारीच्या कोणत्या दोषाशी याचे साम्य आहे?

४. घरातील किंवा शेजारच्या गाडीची मागील दोन प्रमाणपत्रे मागून घ्या. आकडे वाढले की घटले, ते पाहून कारण सुचवा.