उघड्यावरील चित्रण : बदलता प्रकाश आणि रंगांची सत्यता

सुरत शहराच्या लिंबायत भागात जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमाग, रंगाई-छपाई व साड्यांचा व्यवसाय यांवर त्यांपैकी अनेकांची उपजीविका चालते. मोबाइलमुळे चित्रणाचे साधन आता घरोघरी पोहोचले आहे. विक्रीच्या साडीचे चित्रण दूरच्या ग्राहकास पाठविले जाते, गणेश विसर्जनाची मिरवणूक टिपली जाते आणि पावसाळ्यात मिठी खाडीचे पाणी वस्तीत शिरले म्हणजे नुकसानीची नोंदही चित्रणाद्वारे ठेवली जाते. साडीचा रंग चित्रात वेगळा दिसला तर माल परत येण्याची वेळ येते. भिंतीवरील पाण्याची खूण काळोखात बुडाली तर ती नोंद निरुपयोगी ठरते. म्हणून उघड्यावर चित्रण करताना रंग व प्रकाश कसे सांभाळावेत, हे समजून घेणे आवश्यक आहे.

डोळा आणि यंत्र

पांढरा कागद उन्हात, सावलीत किंवा दिव्याखाली धरला तरी माणसास तो पांढराच दिसतो, कारण मेंदू प्रकाशातील फरक आपोआप भरून काढतो. कॅमेऱ्यास ही जाण नसते. स्वयंचलित स्थितीत तो एका ठोकळ गृहीतावर चालतो : समोरच्या दृश्यातील सर्व रंगांची सरासरी करडी असावी आणि सर्व उजेडाची सरासरी मध्यम असावी. आधुनिक यंत्रे चेहरा व आकाश ओळखून यात सुधारणा करतात, तरीही मूळ प्रवृत्ती तीच राहते.

या एका गोष्टीतून बहुतेक दोष उद्भवतात. चौकट लाल साडीने भरली की यंत्र लाल छटा कमी करू पाहते व साडी फिकी दिसते. पुराच्या गढूळ पाण्याचा तपकिरी रंगही याच रीतीने निवतो. पांढरे धोतर मळकट दिसते, तर काळे कापड करडे होते. मागे ढगाळ पांढरे आकाश असल्यास यंत्र एकूण उजेड घटविते आणि पुढे उभ्या माणसाचा चेहरा काळवंडतो.

रंगाचे माप

प्रकाशाच्या रंगछटेचे माप केल्विन या एककात सांगतात. घरगुती पिवळ्या दिव्याचा प्रकाश सुमारे २७००, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५००, ढगाळ आकाशाचा सुमारे ६५०० आणि निरभ्र दिवशी सावलीतला ७००० किंवा त्याहून अधिक केल्विन असतो. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. या प्रकाशास अनुसरून पांढरा रंग पांढराच दिसेल अशी यंत्राची मांडणी करणे, यास व्हाइट बॅलन्स म्हणतात.

लिंबायतसारख्या दाट वस्तीतील गल्लीत एका बाजूस ऊन, दुसऱ्या बाजूस सावली आणि मंडपाच्या निळ्या ताडपत्रीखाली तिसराच रंग असतो. चालता चालता चित्रण केल्यास स्वयंचलित यंत्र दर काही पावलांस रंग बदलते व एकच मूर्ती तीन रंगांची दिसते.

प्रकाशमात्रा

यंत्रात किती प्रकाश घ्यावयाचा, यास एक्स्पोजर अथवा प्रकाशमात्रा म्हणतात. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डन येथे कुस्तीचे चित्रण केले, तेव्हा चित्रपट्टी कृष्णधवल असल्यामुळे प्रामुख्याने हाच प्रश्न होता. रंगीत चित्रणाने त्यात रंगाच्या समतोलाची भर घातली.

भिंगाचे छिद्र, शटरचा वेग व संवेदनशीलता (आयएसओ) या तिघांवर प्रकाशमात्रा अवलंबून असते. सेकंदास २५ चित्रे घेताना शटर साधारणतः १/५० सेकंद ठेवतात. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिव्याखालील लुकलुकही त्यामुळे टळते. कडक उन्हात या वेगाने प्रकाश फार होतो, त्यासाठी भिंगापुढे एनडी फिल्टर ही करडी काच लावतात. ऊन आणि मोकळी सावली यांतील उजेडात सुमारे आठ पटींचा फरक असतो, हे ध्यानी ठेवावे. प्रकाशाच्या अतिरेकाने पूर्ण पांढरा पडलेला भाग मागाहून सुधारता येत नाही. किंचित अंधारलेला भाग बऱ्याच अंशी उजळता येतो. म्हणून उन्हात शंका असल्यास मात्रा थोडी कमी ठेवणे इष्ट होय.

प्रत्यक्ष कृती

१. चित्रणाचा मुख्य विषय आधी ठरवावा. चेहरा, कापड किंवा पाण्याची खूण यांपैकी जे महत्त्वाचे, त्यावरूनच मात्रा घ्यावी.
२. विषय ज्या प्रकाशात आहे त्याच प्रकाशात करडे कार्ड, ते नसल्यास साधा पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स ठरवावा. चकचकीत कागद टाळावा.
३. ठरविलेली मांडणी कायम करावी. अनेक मोबाइलमध्ये पडद्यावर बोट काही क्षण दाबून धरल्यास फोकस व प्रकाशमात्रा स्थिर होतात. रंगाचा समतोल मात्र बहुधा ‘प्रो’ अथवा ‘मॅन्युअल’ विभागात वेगळा ठरवावा लागतो.
४. ढग आल्यास किंवा उन्हातून सावलीत गेल्यास चित्रण थांबवून मांडणी नव्याने करावी. चालू चित्रणात रंग बदलू देऊ नये.
५. सूर्यास्ताचा तांबूस रंग हा त्या वेळेचा भाग आहे. तो पुसून न टाकता मांडणी ५६०० केल्विनच्या आसपास ठेवावी.
६. सुरत कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेअखेर व जुलैच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळी डोळ्यांखाली व टोपीखाली गडद सावली पडते. चेहऱ्याचे चित्रण सकाळी किंवा दुपार कलल्यावर करावे.
७. पुराच्या नोंदीत चौकटीतील आकाश कमी करावे, खांब किंवा पायरी यांसारखी स्थिर वस्तू घ्यावी आणि आरंभी पांढरा कागद काही क्षण दाखवावा. पुढे रंग जुळविण्यास तो आधार होतो.

शाळेसाठी प्रयोग

शिक्षकांनी पांढरे, काळे व लाल अशी तीन कापडे एकाच सावलीत टांगावीत. स्वयंचलित स्थितीत प्रत्येक कापडाने चौकट पूर्ण भरून तीन चित्रणे घ्यावीत. नंतर कार्डावरून मांडणी ठरवून, ती न बदलता तीच चित्रणे पुन्हा घ्यावीत. दोन्ही संच शेजारी ठेवून मूळ कापडाशी ताडून पाहिल्यास यंत्राची सरासरी आणि प्रत्यक्ष वस्तू यांतील अंतर विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल. यंत्र महाग असो वा साधे, प्रकाश आधी पाहून मग चित्रण सुरू करण्याची सवय लागली, तर घेतलेली नोंद विश्वासार्ह राहील.