अर्ल ग्रे चहा : आधी पत्ती, मग सुवास

दावतीत बिर्याणीनंतर येणारा सुलेमानी चहा आपल्या परिचयाचा आहे. लिंबाचा रस पडताच त्याचा काळपट रंग उजळतो व चव आंबटसर होते. अर्ल ग्रे या नावाने विकला जाणारा काळा चहा वेगळा. त्यात रस नसून सालीचे तेल असते. त्यामुळे आंबटपणा नाही, फक्त सुवास. हा फरक दुकानदाराला सांगता आला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक पाकीट परत आणून ‘यात लिंबू कुठे आहे?’ असे विचारते.

हे तेल बर्गामॉट या फळाचे. ते संत्र्याएवढे व अतिशय आंबट असते. जगातील बहुतेक बर्गामॉट इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियाच्या किनारपट्टीत पिकते. एक किलो तेलाला सुमारे २०० किलो फळे लागतात. त्यामुळे तेल महाग, आणि महाग मालात भेसळ आलीच. अत्तराच्या धंद्यातील बांधवांना हा वास नवा नाही, कोलोनमध्ये तोच असतो. मात्र अत्तरासाठी आणलेले तेल चहाला लावू नये. खाण्यायोग्य दर्जाचेच तेल हवे.

चार्ल्स ग्रे हे १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते. एका चिनी अधिकाऱ्याने त्यांना ही कृती भेट दिली अशी कथा सांगतात. वास्तविक ग्रे चीनला कधी गेलेच नव्हते. लेखी पुरावा सापडतो तो कमी शोभेचा आहे. १८३७ मध्ये इंग्लंडमधील एका चहाच्या पेढीवर, हलक्या चहाला बर्गामॉटचा वास देऊन तो भारी म्हणून विकल्याचा आरोप झाला होता. ही युक्ती आजही चालते, म्हणून घाऊक माल घेताना पाकीट हुंगून सौदा करू नये. चहा करून पाहावा.

करण्याची रीत सोपी आहे, पण आपल्या सवयीच्या उलट. पत्ती पातेल्यात उकळायची नाही; उकळीबरोबर तेल वाफेत निघून जाते. २०० मिलिलिटर पाण्याला दोन ते अडीच ग्रॅम, म्हणजे एक चमचा पत्ती घ्यावी. पाणी उकळले की आचेवरून उतरवून पत्तीवर ओतावे आणि लगेच झाकण ठेवावे. तीन ते चार मिनिटांनी गाळावे. जास्त वेळ ठेवल्यास तुरटपणा सुवासावर चढतो. पहिला घोट दूध-साखरेशिवाय घ्यावा. नंतर हवी तर साखर. दूध घालायचेच तर थोडेच. आले-वेलची घालणाऱ्याने साधी पत्ती वापरावी, पैसे वाचतील.

आता परीक्षा. गरम कपात वास सर्व काही झाकतो, म्हणून कप कोमट होऊ द्यावा. पत्ती चांगली असेल तर चव टिकते. शिळी असेल तर वासामागे नुसते गढूळ पाणी उरते. साबणासारखी चव आली तर तेल जास्त झाले आहे किंवा कृत्रिम स्वाद वापरला आहे असा संशय घ्यावा. निलगिरी किंवा सिलोनची लांब पत्ती या सुवासाला मानवते. दाणेदार सीटीसी चहा दुधासाठी उत्तम, पण त्याच्या कडकपणापुढे हा नाजूक वास दबतो.

स्वतः मिश्रण करून विकणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. बाजारातील तयार स्वाद कधी अल्कोहोलमध्ये, तर कधी प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेला असतो. आपली गिऱ्हाइके हे विचारणारच. तेव्हा पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. पाकिटावर स्वाद मिसळल्याचे स्पष्ट छापावे आणि अन्नसुरक्षा नोंदणी नसताना विक्री सुरू करू नये.

दुकानात हा माल घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवावा. त्याच फळीवर साधा चहा उघडा ठेवू नये, कारण पत्ती शेजारचा वास चटकन ओढून घेते. अगरबत्ती व साबण तर समोरच्या भिंतीलाच बरे.