कुंपणापलीकडचा शेजारी

शाळेच्या सेवेतून निवृत्त होऊन मी वाईस राहावयास आलो, तेव्हा माझ्याबरोबर मोती होता. तांबूस रंगाचा हा गावठी कुत्रा मोठा गरीब म्हणून प्रसिद्ध होता. ओसरीवर मांजर येऊन बसले, तरी तो मान वळवून पुन्हा डोळे मिटीत असे. परंतु आमच्या अंगणाला लागून तारेचे कुंपण होते आणि कुंपणापलीकडे अण्णांचा वाघ्या होता. पहिल्याच सकाळी दोघांची दृष्टादृष्ट झाली, आणि माझा गरीब मोती त्या क्षणी कोठे नाहीसा झाला, कोण जाणे! अंगावरचे केस उभारून तो तारेवर धावून गेला. वाघ्यानेही पलीकडून तसेच उत्तर दिले.

पुढे हा नित्यक्रमच झाला. अण्णांच्या वृद्ध मातोश्री अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना दुपारची घटकाभर झोपही मिळेना. छडीवर माझा विश्वास नाही, असे मी शाळेत सर्वांना सांगत असे. पण मोतीच्या बाबतीत मी छडीच हाती घेतली. वाघ्या दिसला आणि मोती भुंकला, की एक फटका व साखळीला एक हिसका. आठ दिवसांत मोती अधिकच चवताळला. पूर्वी वाघ्या कुंपणाशी आल्यावर तो भुंके. आता अण्णांच्या दाराची कडी वाजली, तरी भुंकू लागला.

शेवटी एका सायंकाळी फाटक उघडे राहिले (ते मीच उघडे टाकले होते) आणि दोघे रस्त्यावर एकमेकांवर तुटून पडले. मी वेड्यासारखा मध्ये हात घातला. मुलांनो, भांडणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये हात कधीही घालू नये. त्या वेळी त्यांना आपला-परका ओळखू येत नाही. अण्णांनी बादलीभर पाणी ओतले, तेव्हा ते दूर झाले. पण माझ्या मनगटात मोतीचेच दात रुतले होते. त्याला रेबीजची लस दरवर्षी टोचलेली होती. तरीही जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्याच रात्री दवाखाना गाठला.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. “गुरुजी, तुमच्याशी भांडावयाचे नाही, पण आईचे हाल पाहवत नाहीत. दोहोंपैकी एक कुत्रा येथून हलवावा लागेल. वाघ्या तर याच घरी जन्मला आहे.” पुढचे त्यांनी बोलून दाखविले नाही. मी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी मोतीला कोठे दुखतखुपत तर नाही ना, हे आधी पाहिले. मग मला विचारले, “वाघ्या दिसतो, तेव्हा याला काय मिळते?” मी खाली मान घालून म्हणालो, “फटका.” “मग त्याने वाघ्याविषयी काय समजावे?”

याचे उत्तर मला खरे तर ठाऊक असावयास हवे होते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करीत असता त्यांच्या ध्यानी आले, की अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच, कुत्र्याला लाळ सुटते. मग त्यांनी टिक्‌-टिक्‌ करणारे तालयंत्र वाजवून लगोलग अन्न देण्याचा क्रम ठेवला. काही काळाने नुसत्या आवाजानेच लाळ गळू लागली. म्हणजे माझ्या मोतीच्या लेखी वाघ्या ही फटक्याची सूचना झाली होती! आणि ती मीच त्याला शिकविली होती.

प्रथम आम्ही कुंपणाला गोणपाट बांधले. त्यानंतर अण्णांचा मुलगा वाघ्याला घेऊन कृष्णेकाठच्या मोकळ्या जागेत उभा राही आणि मी मोतीला घेऊन दूर. किती दूर? जेथून मोतीला वाघ्या दिसेल, परंतु तो भुंकणार नाही, इतके. सारे मर्म या अंतरात होते. आमच्या बाबतीत ते साठ पावले निघाले. मोतीची दृष्टी वाघ्याकडे गेली, की लगेच उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा. आधी वाघ्या, मग अंडे. हा क्रम उलटू द्यावयाचा नाही. वाघ्या दृष्टीआड झाला, की अंडेही बंद.

श्वानांची भाषा मला या वयात शिकावी लागली. झोप आलेली नसता जांभई देणे, खाणे समोर नसता ओठ चाटणे, मान फिरविणे ही अस्वस्थतेची चिन्हे होत. अंग ताठ करून, तोंड मिटून एकटक पाहणे हे त्याहून धोक्याचे. शेपटी हलली म्हणजे कुत्रा आनंदी, हा समजही अपुरा आहे. मालक दिसला असता कुत्र्याची शेपटी त्याच्या उजव्या अंगास अधिक झुकते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला असता डाव्या अंगास, असे इटलीतील संशोधकांनी २००७ साली दाखविले. मी मोतीची शेपटी पुष्कळ न्याहाळली. मला त्यातले उजवे-डावे काही उमगले नाही. त्यापेक्षा अंड्याची कसोटी सोपी. मोतीने अंडे नाकारले, की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि मुकाट्याने दहा पावले मागे यावे.

साठाची चाळीस पावले झाली, चाळिसाची तीस. एकदा पतंगामागे धावणारी मुले अचानक मध्ये आली आणि आठ दिवसांचे श्रम वाया गेले. पुन्हा पन्नासापासून आरंभ केला. पुढे दोघांना रुंद रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेने चालविले. कारण समोरून सरळ चालून येणे कुत्र्यांना आव्हानासारखे वाटते. दोरी सैल ठेवणे मात्र मला सर्वांत जड गेले. माझी मूठ आवळली, की मोतीचे अंग ताठ होई.

मुदत संपली, त्या सुमारास आम्ही गोणपाट रोज वीतभर खाली घेऊ लागलो होतो. मोती आणि वाघ्या मित्र झाले नाहीत. तशी अपेक्षाही डॉक्टरांनी आम्हांला ठेवू दिली नव्हती. मुदतीविषयी मात्र अण्णांनी पुन्हा शब्द काढला नाही.

परवा दुपारी बोहारीण आली आणि वाघ्या कुंपणाशी येऊन एकदाच भुंकला. मोतीने कान टवकारले, वाघ्याकडे पाहिले आणि मग मान वळवून तो माझ्याकडे पाहू लागला. माझ्या हाती काहीच नव्हते. अण्णांच्या मातोश्री झोपल्या होत्या, म्हणून मी पाय न वाजविता स्वयंपाकघरात अंडे आणावयास गेलो.